अठ्ठावन्न चिठ्ठ्या

"ताई, मला हे येत होतं गं."

पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या जिन्यात, मोबाईलवर ग्रँड टेस्टचा, म्हणजे पूर्ण पेपरच्या सराव परीक्षेचा, निकाल उघडून ती हे तिसऱ्यांदा म्हणाली. वाईट याचं वाटलं की ते खरं होतं. तिला येत होतं.

नाव सांगत नाही. माझ्याच कॉलेजची, चार बॅच धाकटी. बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, चार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक उरकल्यावर घरी म्हणाली, एक वर्ष द्या, नीट-एमडीएस काढते. एमडीएस म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, आणि ही त्याची प्रवेश परीक्षा. सदाशिव पेठेत तिघींत मिळून एक खोली, दोन वेळची मेस आणि सकाळी सातपासून अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले. त्यांच्या टेबलांवर राज्यघटना आणि चालू घडामोडी, हिच्या टेबलावर पहिल्या वर्षी मेणात कोरलेली दाढ, पेपरवेट म्हणून. शेजारच्या मुलाने एकदा विचारलं होतं म्हणे, "हे खायचं आहे का?"

मी पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत एमडीएस केलंय. प्रवेशाच्या काउन्सेलिंगमध्ये लोक ज्या शाखेकडे नाइलाजाने वळतात, ती. तिने मला गाठलं तेही तेवढ्यापुरतंच. इंडायसेसचे, म्हणजे दात-हिरड्यांची स्थिती आकड्यांत मोजायच्या मापांचे, प्रश्न चुकतात, तेवढे समजावून दे. एका रविवारचं काम समजून मी हो म्हटलं, त्याचे सहा रविवार झाले. परीक्षा तेव्हा सात आठवड्यांवर होती.

निकाल असा होता. २४० पैकी २३१ प्रश्न सोडवलेले, १३८ बरोबर, ९३ चूक. बरोबरला चार गुण, चुकीला वजा एक, म्हणजे ९६० पैकी ४५९. महिन्यापूर्वीच्या टेस्टमध्ये ४६६ होते. मधल्या महिन्यात तिने सगळ्या विषयांची तिसरी रिव्हिजन संपवली होती. एक अख्खी रिव्हिजन केली आणि सात गुण कमी झाले.

तिच्या उजळणीची साधनं पाहिली. तीन स्पायरल वह्या, चार रंगांचे हायलायटर, आणि प्रत्येक पानावर एकेका ओळीचे मुद्दे. इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरात, वजनाने ९६ टक्के अजैविक भाग. रॅमफोर्डचे दात, म्हणजे त्याच्या इंडेक्ससाठी तपासायचे सहा दात, १६, २१, २४, ३६, ४१, ४४ (पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी कुठला ते सांगतो, दुसरा मधून मोजत दात कितवा ते). बायोलॉजिक विड्थ २.०४ मिलिमीटर. अशा दोन हजारांच्या वर ओळी असतील. ती डावी बाजू झाकून उजवी सांगायची, उजवी झाकून डावी सांगायची. मी मधूनच दहा विचारल्या, दहाही आल्या.

मग चुकतंय कुठे? तिचं उत्तर तयार होतं. "सिली मिस्टेक्स." हा शब्द मला मुळीच आवडत नाही. चूक कुठून आली हे बघायचं नसलं की लोक तो वापरतात.

पहिल्या रविवारी आम्ही त्या ९३ चुका एकेक करून कागदावर उतरवल्या. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं फाडून, मागच्या कोऱ्या बाजूला, चुकीमागे एक चिठ्ठी. वर खरं उत्तर, खाली तिने दिलेलं. नुसतं "चुकलं" असं लिहायचं नाही, काय समजून चुकलं ते लिहायचं, एवढी एकच अट मी घातली. दुपारचे साडेतीन वाजले. मेसच्या काकूंनी डबा तसाच झाकून ठेवला होता.

तीन ढीग झाले. जे कधी वाचलंच नव्हतं, ते २१. प्रश्नातला एखादा शब्द वाचताना सुटला, ते १४. आणि उरलेल्या ५८ चिठ्ठ्यांवर खालच्या ओळीत तिने लिहिलेलं उत्तर पूर्ण खरं होतं, फक्त ते दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचं होतं.

रॅमफोर्डचे दात विचारले तेव्हा तिने १६, १२, २४, ३६, ३२, ४४ वर टिचकी मारली होती. हा संच चुकीचा नाही, सिलनेस आणि लो यांच्या इंडेक्सचा आहे. गॉर्लिन सिस्टबद्दल, म्हणजे जबड्यातल्या एका प्रकारच्या गाठीबद्दल, विचारलं तेव्हा तिला अनेक ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट (जबड्यातल्याच दुसऱ्या प्रकारच्या गाठी) आणि दुभंगलेल्या बरगड्या आठवल्या. तेही खरंच, पण ते गॉर्लिन-गोल्ट्झ सिंड्रोमचं. माणूस एकच, गॉर्लिन. सिंड्रोमचं वर्णन १९६०चं, सिस्टचं १९६२चं, आणि सिस्टची खूण घोस्ट सेल्स, म्हणजे केंद्रक हरवलेल्या फिकट पेशी. दोन्ही ओळी तिच्या वहीत होत्या, पण एक पान १४ वर आणि दुसरी पान ३७ वर. त्यांची कधी गाठच पडली नव्हती. गाठ पडली ती थेट परीक्षेत, चार पर्यायांच्या रांगेत.

मला या प्रकरणात जे सांगायचं आहे ते इथेच आहे. ओळीने ओळ पाठ करणाऱ्याला प्रत्येक मुद्दा एकटा भेटतो. पेपर काढणारा त्याला कधीच एकटं सोडत नाही. तो त्या मुद्द्याचे तीन सख्खे शेजारी आणून बसवतो. चारही पर्याय कुठे ना कुठे खरे असतात, फक्त त्यांचे पत्ते वेगळे. त्यात वेळेचा काच. पेपर तीन तासांचा असला तरी आता दोन भागांत कापलेला, पहिले १०० प्रश्न ७५ मिनिटांत आणि पुढचे १४० प्रश्न १०५ मिनिटांत. हिशोब केला तर दोन्हीकडे प्रश्नामागे ४५ सेकंदच येतात, आणि पहिल्या भागाची वेळ संपली की तिकडे परतता येत नाही. आमच्या वेळी शंकेचे प्रश्न खूण करून ठेवायचे आणि शेवटच्या अर्ध्या तासात निवांत चघळायचे, अशी चैन होती.

तेव्हा उरलेल्या आठवड्यांत चौथी रिव्हिजन करायची नाही, या ५८ चिठ्ठ्यांवर काम करायचं, असं मी म्हटलं. ती घाबरली. "आणि बाकीचं विसरले तर?" तिची भीती गैर नव्हती. म्हणून रोज सकाळचे दोन तास वहीला आणि उरलेला दिवस चिठ्ठ्यांना, अशी तडजोड झाली. माझ्या मते दोन तासही जास्तच होते.

इंडायसेसपासून सुरुवात केली, कारण ते माझं घरचं शेत. दातांचे तीन संच एकाखाली एक लिहिले.

ओएचआय-एस (तोंडाच्या स्वच्छतेचा इंडेक्स): १६, ११, २६, ३६, ३१, ४६.
सिलनेस-लो: १६, १२, २४, ३६, ३२, ४४.
रॅमफोर्ड: १६, २१, २४, ३६, ४१, ४४.

"आता पाठ करू नकोस, नुसतं बघ," म्हटलं. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "पहिल्यात प्रीमोलरच नाही." प्रीमोलर म्हणजे उपदाढ, इथे २४ आणि ४४. बरोबर. १६ आणि ३६ तिन्हीकडे आहेत, म्हणजे ते बघण्यात अर्थ नाही. २४ किंवा ४४ दिसला की ओएचआय-एस बाद. उरले दोन. त्यांच्यात फरक फक्त पुढच्या दातांचा. सिलनेस-लो बाजूचा इन्सायजर (पुढचा पटाशीचा दात) घेतात, तोही दाढेच्याच बाजूचा, म्हणजे १६ सोबत १२ आणि ३६ सोबत ३२. रॅमफोर्ड मधला घेतो, तोही पलीकडच्या बाजूचा, म्हणजे १६ सोबत २१ आणि ३६ सोबत ४१. सहा-सहा आकड्यांचे तीन संच पाठ असूनही जे जमत नव्हतं, ते दोन प्रश्नांत सुटलं. प्रीमोलर आहे का? असेल तर इन्सायजर कुठला? याला दहा सेकंदही लागत नाहीत.

मग वर्षं. जिंजायव्हल, म्हणजे हिरड्यांचा, इंडेक्स लो आणि सिलनेस यांचा, १९६३चा. प्लाक, म्हणजे दातांवर साचणाऱ्या थराचा, इंडेक्स सिलनेस आणि लो यांचा, १९६४चा. तीच दोन माणसं, नावांची फक्त अदलाबदल. त्यातच ओएचआय-एस पण १९६४चा, ग्रीन आणि व्हर्मिलियन यांचा, आणि त्यांचाच मूळ ओएचआय १९६०चा. इथे माझी एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. मी तिला म्हटलं, यमक बनव. तिने आठवड्याभरात तीसेक यमकं बनवली. एक होतं "लो-सिल, सिल-लो, त्रेसष्ट-चौसष्ट". पुढच्या रविवारी विचारलं तर यमक घडाघडा म्हटलं आणि थांबली. लो-सिल कळलं, त्रेसष्ट कळलं, पण हिरडी की प्लाक? तो शब्द यमकात नव्हताच. जिथे घोळ होता नेमकी तीच जागा यमकाने वगळली होती. बाकीच्या यमकांचंही थोड्याफार फरकाने तेच. त्यातली चार ठेवली, बाकी फाडली.

त्याऐवजी तिला १९६५चा प्रयोग सांगितला. लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी लोकांना दात साफ करणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांना जिंजिव्हायटिस, म्हणजे हिरड्यांची सूज, झाला, आणि पुन्हा साफ करायला लागल्यावर हिरड्या पूर्ववत झाल्या. प्लाकमुळे हिरडी सुजते हे त्यातून दिसलं. असा प्रयोग करायचा तर हिरडी मोजायला माप हवं आणि प्लाक मोजायलाही हवं. दोन्ही मापं आधीच्या दोन वर्षांत आली. लो म्हटलं की हिरडी, आणि हिरडीच्या इंडेक्सवर त्याचं नाव पुढे. त्यानंतर ती जोडी तिची कधीही चुकली नाही. दंतशास्त्रातले निम्मे "फॅक्ट्स" असे कुणाच्यातरी गरजेतून आलेले असतात, पण वहीत येताना गरज गळते आणि नुसता आकडा उरतो.

दुसरा मोठा गठ्ठा डेंटल मटेरियल्सचा. दातांचे साचे ओतायच्या जिप्समचे आकडे ती हमखास उलटे करायची. प्लास्टरला १०० ग्रॅमला ४५ ते ५० मिलिलिटर पाणी, स्टोनला २८ ते ३०, हाय-स्ट्रेंग्थ स्टोनला त्याहून कमी, २२ ते २४. अल्फा कुठलं आणि बीटा कुठलं, यावर तर तीन चिठ्ठ्या होत्या. मी विचारलं, "पाच वर्षं रबर बाउलमध्ये कालवलंस ना? हाताला काय आठवतं?" ती म्हणाली, "प्लास्टर पाणी पितं. स्टोनला जरा जास्त झालं की पचपचतं." एवढंच हवं होतं. बीटा म्हणजे प्लास्टर, उघड्या भांड्यात तापवलेलं, त्याचे कण वेडेवाकडे आणि सच्छिद्र, म्हणून ते पाणी पितं. अल्फा म्हणजे स्टोन, दाबाखाली वाफेत केलेला, कण घट्ट आणि सुबक, म्हणून पाणी कमी लागतं. रासायनिक क्रियेला तर दोघांनाही १८.६ मिलिलिटरच पुरतं. बाकीचं पाणी नुसतं कालवण्यापुरतं. सुकल्यावर त्याच्या जागी छिद्रं राहतात, म्हणून प्लास्टर कमजोर. चार आकडे आणि दोन ग्रीक अक्षरं एका कारणाला लटकली. पाच चिठ्ठ्या एका बैठकीत गेल्या.

मीठ मात्र नुसतं पाठच करावं लागलं. थोडं मीठ, दोन टक्क्यांपर्यंत, सेटिंग लवकर करतं, आणि प्रमाण बरंच वाढवलं की तेच उशीर करतं. यालाही कारण आहे, पण ४५ सेकंदांत ते उलगडत बसण्यात राम नाही. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जाण्याचा हट्ट परीक्षेच्या तोंडावर परवडत नाही.

फ्लोराइडचं उदाहरण मला स्वतःला आवडतं. दातांना लावायचं सोडियम फ्लोराइड २ टक्के, स्टॅनस (कथिलाचं) फ्लोराइड ८, एपीएफ (आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइड) जेल १.२३, सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश ५ टक्के. ती हे चोख सांगायची. पण "कशात सर्वांत जास्त पीपीएम फ्लोराइड?" म्हटलं की गाडी अडायची. खोच अशी की १.२३ हा आकडा नुसत्या फ्लोराइडचा आहे, बाकीचे अख्ख्या संयुगाचे. सोडियम २३, फ्लोरिन १९, मिळून ४२, म्हणजे सोडियम फ्लोराइडमध्ये फ्लोराइड साधारण ४५ टक्के. ५ टक्के व्हार्निशमध्ये २.२६ टक्के, म्हणजे २२,६०० पीपीएम. एपीएफमध्ये सरळ १२,३००. २ टक्के सोडियम फ्लोराइडमध्ये नऊ हजारांच्या आसपास. तिने हे कॅलेंडरच्या कागदावर स्वतः केलं आणि म्हणाली, "अकरावीची केमिस्ट्री आहे ही." आहेच.

काही चिठ्ठ्यांत दोष तिचा नव्हताच. तिच्याकडे एका सीनिअरच्या हाताने लिहिलेल्या नोट्सची झेरॉक्स होती, तिलाही ती कुणाकडून मिळालेली. झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला कुणाच्यातरी चहाचा डाग, तोही छापून आलेला. त्यात लिग्नोकेनची, म्हणजे भुलीच्या औषधाची, अ‍ॅड्रेनलिनसह कमाल मात्रा किलोला ४.४ मिलिग्रॅम होती, जुन्या आवृत्तीप्रमाणे. नव्या आवृत्तीत ती ७ आहे, एकूण ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. पेरिओडोंटायटिसचं, म्हणजे हाडापर्यंत पोचलेल्या हिरड्यांच्या आजाराचं, वर्गीकरण त्यात अजून १९९९चं, क्रॉनिक आणि अ‍ॅग्रेसिव्हवालं. २०१७च्या जागतिक कार्यशाळेनंतर ते जाऊन स्टेज एक ते चार आणि ग्रेड ए ते सी आले. केराटोसिस्टची तर गंमतच. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये त्याला ट्यूमर म्हटलं, नाव बदललं आणि २०१७मध्ये परत सिस्टच्या पंगतीत आणून बसवलं. नोट्स मधल्या काळातल्या होत्या. पुण्यात अशा नोट्स वर्षानुवर्षं हातोहात फिरतात आणि फुकट मिळाल्या म्हणून त्यांची कुणी तपासणी करत नाही. आम्ही अशी सात पानं फाडली. फाडताना तिचा जीव वरखाली होत होता.

तिसऱ्या आठवड्याच्या टेस्टला मी एक नवी अट घातली. ज्या प्रश्नात दोन पर्यायांत अडकशील, त्याचा क्रमांक रफ कागदावर लिही, उत्तर बरोबर आलं तरीही. असे ७० प्रश्न निघाले आणि त्यातले ३४ बरोबर आले होते. नुसत्या चुकांच्या चिठ्ठ्या केल्या असत्या तर हे ३४ कुणाला दिसलेच नसते. ते गुण नाणेफेकीचे होते, पुढच्या वेळी छापा-काटा उलटा पडला की गेले. या ३४च्याही चिठ्ठ्या झाल्या. ती वैतागली, कारण बरोबर आलेल्या उत्तरांची शिक्षा कशासाठी? तिचं म्हणणं मला कळत होतं.

अडकलं म्हणून सोडून द्यायचं का, हाही प्रश्न आला. दोनच पर्याय उरले असतील तर सरासरीने प्रश्नामागे दीड गुण हाती लागतो, म्हणून सोडू नये. अगदी आंधळं चौघांतलं एक ठोकलं तरी सरासरी पाव गुण मिळतो. पण एक घोळ कायमचा सुटला तर वजा एकचे अधिक चार होतात, सरळ पाच गुणांचा फरक.

संध्याकाळी ती आणि तिची रूममेट पर्वती चढायच्या. चिठ्ठ्यांचा गठ्ठा रूममेटच्या हातात. ती बिचारी कॉमर्सची. तिला एकच काम दिलं होतं, खरं उत्तर आणि खालचं चुकलेलं उत्तर दोन्ही मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, "दोघांत फरक काय?" उत्तर काय, असं विचारायचं नाही. दोन आठवड्यांनी ती कॉमर्सवाली क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) माउथवॉशला ०.२ टक्के आणि रूट कॅनालला २ टक्के हे मेसमध्ये काकूंना सांगत होती.

पाचव्या आठवड्याअखेरची टेस्ट. २३६ सोडवले, १६१ बरोबर, ७५ चूक, गुण ५६९. शेजाऱ्यांच्या घोळाच्या चुका ५८ वरून २७ वर आल्या. न वाचलेल्याच्या २१ वरून २६ झाल्या, त्याचं काही वाटलं नाही, नव्या टेस्टला नवे कोपरे निघतातच. पण प्रश्न वाचताना शब्द सुटल्याच्या १४ होत्या, त्या २२ झाल्या.

हे मी धरलं नव्हतं. फरकाची खूण दिसली की ती आता इतक्या झटपट टिचकी मारायची की प्रश्न पुरता वाचायचीच नाही. डेंटिनमधलं, म्हणजे इनॅमलच्या आतल्या थरातलं, अजैविक प्रमाण विचारलं होतं, तिने ७० टक्के दिलं. ७० वजनाने. प्रश्नात आकारमानाने होतं, ते ५०च्या आसपास. "वगळता" हा शब्द तर चार प्रश्नांत सुटला. म्हणजे एका बाजूने तिला वेग मी दिला आणि दुसऱ्या बाजूने त्याची किंमतही तिनेच मोजली.

शेवटच्या दोन आठवड्यांत आम्ही बरंच करून पाहिलं. आधी पर्याय झाकून नुसता प्रश्न वाचायचा, स्क्रीनवर ते जमत नाही. प्रश्नाचा शेवटचा शब्द ओठातल्या ओठात म्हणायचा, ते दोन दिवस टिकलं. शेवटी तिनेच एक शोधलं. टिचकी मारण्याआधी माउसवरचं बोट उचलायचं आणि प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचायची. त्यात दोन-तीन सेकंद जातात. २४० प्रश्नांना सगळीकडे केलं तर आठ ते बारा मिनिटं होतात, आणि ती कुठून आणायची ते ठरेना. म्हणून आकडा विचारलेला असेल किंवा प्रश्नात नकार असेल तिथेच करायचं, असं ठरलं. शेवटच्या टेस्टला शब्द सुटल्याच्या चुका १७ होत्या. पहिल्या टेस्टच्या चौदापर्यंतही आम्ही त्या परत आणू शकलो नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. तिच्या सगळ्या चिठ्ठ्यांतल्या अकरा अजून उरल्यात, त्या दोघांतला फरक सांगूनही डोक्यात बसत नाही, काय करू म्हणाली. त्यात अजूनही एक इंडेक्सची होती. मी म्हटलं, त्या रूममेटला दे आणि झोप.